मालकाचा पाय आधी

झाडाला मालक नसतो. माणूस त्याच्या सावलीत घटकाभर बसतो, उठतो, निघून जातो. झाड जागेवर राहतं आणि कोणाचंही होत नाही.

हे वाक्य माझंच आहे. मंचरजवळच्या एका महाविद्यालयात वृक्षारोपणाच्या कार्यक्रमात मी ते बोललो आणि मांडवात टाळ्या पडल्या. निवृत्त प्राध्यापकाला अशा ठिकाणी बोलावतात, कारण तो फुकट येतो, वेळेवर येतो आणि शालीचा रंग बघत नाही. बोलण्याच्या भरात मी आमच्या शेप्याचा दाखला दिला. शेप्या हे आमच्या वस्तीवरचं रायवळ आंब्याचं झाड. डिंभ्याच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पाण्याकडे उतरत जाणारा आमचा एक खडकाळ तुकडा आहे, त्याच्या कडेला ते उभं आहे. फळाला शेपूच्या भाजीचा वास येतो, म्हणून शेप्या. लोणच्याला उत्तम. नुसतं खायला द्यायचं तर ज्याच्याशी पटत नाही त्याला द्यावं. उंची मात्र अशी, की खाली उभं राहून शेंडा बघताना टोपी पडते. हे झाड आमचं नाही, आम्ही त्याचे आहोत, असंही मी बोललो. त्यालाही टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपल्यावर तिशीतली एक बाई माझ्याकडे आली. पुण्याहून सुट्टीच्या दिवशी माणसं आणून त्यांना दोरावरून झाडांवर चढवणं हा तिचा व्यवसाय. लोक डोंगर चढतात तसे हे झाड चढतात, वर बसतात, उतरतात, घरी जातात. फळं काढत नाहीत, फांदी तोडत नाहीत. एवढं उंच रायवळ झाड ती बरेच दिवस शोधत होती.

"सर, तुमचं भाषण आवडलं," ती म्हणाली. "झाडाला मालक नसतो हे पटलंच. पण मला मालकाची सही लागते."

मी हसलो. तीही हसली, पण कागद तिने पुढे केलाच.

कागद मी घरी नेऊन वाचला. तो दोन भागांत होता. पहिल्यात मालकाने परवानगी द्यायची. दुसऱ्यात चढणाऱ्या प्रत्येकाने लिहून द्यायचं की मी माझ्या जबाबदारीवर चढतो आहे आणि काही झालं तर मालकाला दोष देणार नाही. हे 'काही' म्हणजे काय ते खाली फोडून सांगितलं होतं. घसरणं, आपटणं, फांदी मोडणं, मणक्याला इजा, कायमचं अपंगत्व आणि मृत्यू. शेवटचा शब्द एका पानात इतक्या वेळा आला होता की तिसऱ्यांदा वाचताना मी उठून पाणी प्यायलो. माझं रक्षण करायला लिहिलेला तो कागद वाचेपर्यंत, आपल्या झाडावरून पडून माणूस मरू शकतो हे माझ्या मनातही नव्हतं.

हे मात्र पूर्ण खरं नाही. मनात होतं, खाली कुठंतरी.

मी शाळेत असताना शेप्यावरून एक माणूस पडला होता. आंबे उतरवायला दरवर्षी शेजारच्या वाडीतून माणसं यायची, त्यांतला एक. आमच्याकडे रीत अशी, की उतरवणारे झाडावर चढण्याआधी मालकाच्या घरचा एक माणूस पहिल्यांदा चढतो. मालकाचा पाय आधी. कुठली फांदी सुकली, कुठं ढोली पडली, कुठं साप बसलाय, हे त्याने बघायचं आणि मग वरून हाक द्यायची, या. त्या वर्षी वडिलांना ताप होता. उतरवणारे म्हणाले, राहू द्या, आम्हाला झाड नवीन आहे का? फांदी मोडल्याचा आवाज मी घरातून ऐकला. माणूस वाचला, पाय वाकडा झाला. पोलीस नाही, कोर्ट नाही, कोणी वाईट शब्दही बोललं नाही. पण पुढे कित्येक वर्षं तो लोणच्याच्या दिवसांत यायचा, आपल्या वाटणीचे आंबे घ्यायचा, झाडाखाली बसून आधी वर बघायचा आणि मग वडिलांकडे बघायचा. वडील त्या वेळी गोठ्यात जाऊन काहीतरी काम काढायचे. गोठ्यात तेव्हा जनावर नव्हतं.

तर मी घोडेगावला एका वकिलाकडे गेलो. तो माझा वर्गमित्र. कागद त्याने चष्मा वर करून वाचला आणि म्हणाला, कागद चांगला आहे, समाधानासाठी ठेव. माणूस सही करतो ती आपल्यापुरती, पडल्यावर त्याची बायको कोर्टात येते आणि तिने सही केलेली नसते. मी विचारलं, मी एक पैसा घेणार नाही, तरीही? तो म्हणाला, पैसे घेतलेस तर तू धंदेवाला, नाही घेतलेस तर नुसता मूर्ख, आणि कायद्यात मूर्खाला थोडी सवलत आहे. बाकी बघून सांगतो, फोन करीन.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ती बाई सरळ होती. आठवडाभर आधी येऊन तिने झाड चारी बाजूंनी दुर्बिणीने बघितलं, लाकडी हातोडीने खोड वाजवलं, दोन फांद्यांना लाल फीत बांधून त्यांवर कोणी जाणार नाही असं सांगितलं. शिवाय भाषण माझं होतं. जो माणूस झाड कोणाचंच नसतं असं माईकवर बोलतो, त्याने नंतर सातबारा काढून नाही म्हणणं बरं दिसत नाही.

सातबाऱ्यावर मी एकटा नव्हतो. चुलतभाऊ होता, त्याची आई म्हणजे माझी काकू होती. दोघं वस्तीवरच राहतात. जमीन तेच बघतात, मी मंचरला राहून तिच्याबद्दल बोलतो. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी नोकरीला लागल्यापासून तो मला मास्तर म्हणतो, आणि त्यात आदर किती याची मी कधी चौकशी केली नाही. सगळं ऐकून त्याने विचारलं, "वर जाऊन करत्यात काय?"

"काही नाही. बसतात."

"आन मग?"

"उतरतात."

त्याने मान वर करून शेप्याकडे बघितलं. "मोहोर झडल थोडा," तो म्हणाला. "झडू दे. बसू दे बिचाऱ्यास्नी."

काकू ऐंशीच्या पुढची. ओसरीत बसून ती लसूण सोलत होती आणि तिला ऐकू येत नाही अशी आम्हा दोघांची समजूत होती.

"आपला मानूस आधी चढल," ती म्हणाली. "मंग त्यास्नी चढू द्या."

मी समजावलं. हे लोक दोर लावून चढतात, डोक्याला टोपडं घालतात, बाईने झाड तपासलंय, शिवाय लेखी कागद आहे. काकूने सगळं ऐकून घेतलं.

"कागूद पडनाऱ्याला खाली झेलतू का?" तिने विचारलं. "तुज्या बापाला आडवं पडून ऱ्हायला तापाचं निमित्त व्हतं. तुला काय झालंय?"

तेव्हा मला समजलं की 'आपला माणूस' म्हणजे कोण. भावाच्या गुडघ्याची वाटी झिजलेली. त्याचा मुलगा चाकणला कंपनीत, त्या आठवड्यात त्याची पहिली पाळी. मी तसा धडधाकट. उंचीची मला भीती वाटते हे घरात सगळ्यांना माहीत आहे. शिवनेरीच्या पायऱ्याही मी भिंतीकडे तोंड करून उतरतो. पण ही सबब वडिलांच्या तापापेक्षा हलकी होती. ती मी काढली नाही.

ठरल्या दिवशी सकाळी पुण्याची मंडळी आली. सातआठ जण, रंगीत हेल्मेटं, सगळ्यांचे बूट माझ्या बुटांपेक्षा शहाणे दिसत होते. शेप्या मोहोराने भरला होता. आंबट-गोड वास सुटला होता आणि सगळं झाड गुणगुणत होतं. मोहोराच्या दिवसांत आंब्यावर माशा, भुंगे, चिलटं येतातच, झाड असं वाजतंच. त्या आवाजाकडे आमच्याकडे कोणी लक्ष देत नाही. पाहुण्यांतल्या एकाने मात्र तो आवाज डोळे मिटून ऐकला आणि ही झाडाची प्रार्थना आहे असं शेजारणीला सांगितलं.

मी भावाला विचारलं होतं, आग्या मोहोळ नाही ना? आग्याबद्दल या भागात कोणी थट्टा करत नाही. किल्ल्यावर, लेण्यांत माशा उठल्या की धडधाकट माणसं दवाखान्यात जातात आणि काही परत येत नाहीत. भाऊ म्हणाला, व्हतं, मधल्या फांदीला, दिवाळीनंतर उठून गेलं. खरंच तिथं नुसतं काळं मेण उरलं होतं. त्याने मला बोट करून दाखवलं, मी बघितलं, आणि आम्हा दोघांचं समाधान झालं.

बाईने बेचकीने वजनाची छोटी पिशवी उडवून दोन फांद्यांवरून दोऱ्या टाकल्या, त्यांमागून जाड दोर ओढून घेतले. एक दोर माझा, दुसरा तिचा. मला कंबरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा साज चढवला, डोक्यावर हेल्मेट आणि हातात मोजे घातले. मोठ्या जबाबदारीने तिने प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघितला. गाठ कशी चालते ते शिकवलं: हाताने वर सरकवली की सरकते, अंगाचा भार दिला की धरते, उतरताना तीच हळूच दाबायची. पायाचा फास, हाताची गाठ, पायाचा फास, हाताची गाठ. सुरवंट जसा चालतो तसं.

"बैलावानी जुपलंय," भाऊ म्हणाला. "मास्तर, शेपूट तेवढं ऱ्हायलं."

काकू निवदाची तयारी करत होती. माणूस पहिल्यांदा चढायचा तर झाडाला नारळ फोडायचा, ऊद घालायचा. नारळ आणायचा राहिला होता, म्हणून भाऊ मोटारसायकल काढून डिंभ्याला गेला. मी म्हणालो, थांबू. बाई म्हणाली, ऊन चढायच्या आत सगळ्यांचं व्हायला हवं, सर. मी वाकून खोडाला हात लावला आणि निघालो.

पहिले काही हात बरे गेले. मग जमीन माझी राहिली नाही. खाली उभी असलेली माणसं आधी बुटकी झाली, मग नुसती हेल्मेटं झाली. मी खाली बघणं बंद केलं. समोर साल होती, सालीवर मुंग्या होत्या, मी मुंग्यांकडे बघत चढलो. मांड्या थरथरत होत्या. त्या थांबवाव्यात म्हणून मी पाय ताठ केले तर दोर गोल फिरू लागला आणि समोरची साल जाऊन धरणाचं पाणी आलं, मग डोंगर आला, मग पुन्हा साल आली. वडील दरवर्षी हे करायचे, दोराशिवाय, हा विचार धीर देईल असं वाटलं होतं. त्याने उलटंच झालं. ते गोठ्यात का जायचे हे मला आजवर जेवढं समजलं होतं त्यापेक्षा जास्त तिथं समजलं.

बाई दुसऱ्या दोरावर माझ्या जरा खाली होती. मालकाचा पाय आधी हे तिने मान्य केलं होतं, म्हणून ती माझ्या पुढे जात नव्हती. "छान चाललंय, सर," ती म्हणत होती. मला ते खोटं आहे हे समजत होतं आणि तरी ते ऐकायला हवं होतं.

ज्या फांदीवरून माझा दोर गेला होता तिच्या अगदी जवळ पोचलो तेव्हा तिसऱ्या मजल्याच्या गच्चीएवढी उंची झाली असेल. मी फांदीला एक हात घातला आणि श्वास घेतला. गुणगुण इथं वेगळी होती. ती सगळीकडून येत नव्हती, एका बाजूने येत होती.

फांदी पुढे पाण्याच्या बाजूला गेली होती आणि दाट पानांत शिरली होती. पानं वाऱ्याने हलली. फांदीच्या खाली एक काळा पडदा लोंबत होता, सुपाएवढा. मी त्याच्याकडे बघत असताना तो पडदा हलला. वरून खाली एक लाट गेली, लकाकत, जशी घोड्याच्या कातड्यावरून जाते. मग थांबली. मग पुन्हा गेली.

जुनं मोहोळ उठून गेलं होतं हे खरं होतं. नवीन येऊन बसलं होतं, तेही पाण्याकडच्या बाजूला, जिथं कोणाची नजर जात नाही. आणि त्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी सकाळपासून ऐकला होता. कोणाला तो मोहोराचा वाटला, कोणाला प्रार्थनेचा.

आग्यापुढे ओरडायचं नाही, हात झटकायचा नाही, पळायचं नाही, हे इथलं पोरही जाणतं. पळायची सोय नव्हतीच. मी बाईकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, तिचं हसू गेलं. मी डोळ्यांनी फांदी दाखवली. तिने मान वळवली, बघितलं आणि अगदी सावकाश पुन्हा माझ्याकडे वळली.

त्याच वेळी माझा फोन वाजला.

वस्तीवर रेंज नाही. खाली झाडाजवळही नाही. फोन खिशात आहे हे मी विसरलो होतो, कारण तिथं तो नुसता घड्याळ असतो. तीन मजले वर गेल्यावर त्याला रेंज मिळाली. आधी दोन दिवसांचे निरोप एकामागून एक टिंग टिंग करत आले, आणि मग भाचीने लावून दिलेली सनई सुरू झाली. पडद्यावरून लाट गेली. या वेळी ती थांबली नाही, लगेच दुसरी गेली. मी खिशात हात घातला. हातमोज्याने बंद करायला गेलो आणि फोन उचलला गेला.

"हां, बोल," वकील म्हणाला. "तुझं ते बघितलं."

मी फोन कानाला लावला, कारण तेवढ्यानेच आवाज कमी होत होता.

"कागद चालेल. एकच गोष्ट सांगायची राहिली. तू स्वतः त्या झाडावर चढू नकोस. तू वर असलास की तुझ्या देखरेखीखाली झालं असा अर्थ होतो. समजलं?"

"बरं," मी म्हणालो.

"एवढा हळू का बोलतोयस? कार्यक्रमात आहेस का?"

"हो," मी म्हणालो आणि फोन दंडाशी दाबून बंद केला.

मग वास आला. ऊद. मी इतका वेळ खाली बघत नव्हतो, आता बघावंच लागलं. नारळ आला होता. काकू झाडाच्या बुंध्याशी बसली होती, समोर निखाऱ्याचं खापर होतं, आणि ती मूठभर ऊद टाकून दुसरी मूठ भरत होती. ती ते माझ्यासाठी करत होती. धूर आधी खोडाला लागून जाड वर आला, मग पानांत पसरला. भोवती पाहुणे हात जोडून उभे होते. एकजण चित्रीकरण करत होता.

बाई सावकाश वर सरकून माझ्या कानाजवळ आली. "सर, तुमचा दोर त्याच फांदीवर आहे. तुम्ही उतरायला लागलात की फांदी हलेल. मी खाली जाऊन आधी धूर थांबवते. तोवर तुम्ही हलायचं नाही. काहीही झालं तरी."

"काहीही म्हणजे?" मी विचारलं.

तो सगळा मजकूर कागदावर होताच. तिने गाठ दाबली आणि आवाज न करता खाली गेली, इतकी भरकन, की मला वाटलं ती पडलीच.

त्यानंतर मी एकटा होतो. धूर माझ्यापर्यंत आला, डोळे चुरचुरले. पडद्याच्या खालच्या कडेने माशा सुटायला लागल्या, पावसाचे थेंब पागोळीतून सुटतात तशा, पण त्या खाली गेल्या नाहीत. माझ्याभोवती फिरल्या. एक हेल्मेटवर बसली; तिचे पाय ऐकू येत होते. एक मनगटावर बसली, जिथं हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते, आणि विचार करत बाहीत शिरली. ती चालत होती. कोपराच्या आतल्या बाजूला येऊन ती थांबली. मी तोंड मिटलं, डोळे मिटले आणि नाकाने जेवढी लागेल तेवढीच हवा घेतली. दोर सोडू नये एवढं एकच माझ्या हातांना माहीत होतं. शाळेत असताना घरातून ऐकलेला तो फांदी मोडल्याचा आवाज मला पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. मी कोणाची आठवण काढली असती तर लिहायला बरं झालं असतं. मी मनात म्हणत होतो ते एवढंच, की आधी माझा पाय लागला, आता बाकीच्यांचा लागणार नाही. त्यात उदारपणा नव्हता. मोजायला दुसरं काही नव्हतं.

धूर विरळ झाला. डोळे उघडून खाली बघितलं तर बाईने खापर दोन्ही हातांनी उचलून उताराकडे नेलं होतं, उघड्या हातांनी, निखाऱ्यासकट. पाहुणे एकामागून एक, न पळता, घराकडे निघाले होते. काकू तिथंच बसली होती, मान वर करून. ती माझ्याकडे बघत होती. तिचं कपाळ उन्हात चमकत होतं आणि ती हलायला तयार नव्हती. भावाने तिचा दंड धरला होता, तिने तो झटकला.

मी गाठ दाबली. बोटभर उतरलो, थांबलो. फांदी हलली, लाट गेली, संपली. पुन्हा बोटभर. बाहीतली माशी मनगटाकडे परत चालत गेली आणि बाहेर पडली. तिने मला डंख केला नाही याचं कारण मला आजही ठाऊक नाही. किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. चढताना बघितलेल्या सगळ्या मुंग्या मला परत भेटल्या एवढं खरं. पाय जमिनीला लागले आणि मी मातीत बसलो. काकूने माझ्या तोंडावरून हात फिरवला. तिचा हात उदाने काळा झाला होता.

"बगितलंस का वर?" तिने विचारलं.

"बघितलं," मी म्हणालो.

"काय हाय?"

"आग्या."

"मंग न्हाई चढायचं," ती म्हणाली आणि उठून घरात गेली. परवानगीचा विषय तिच्या बाजूने संपला होता.

त्या दिवशी कोणी चढलं नाही. पाहुण्यांनी ओसरीत बसून पिठलं-भाकरी खाल्ली. प्रार्थनावाला झाडाकडे पाठ करून बसला होता. बाईच्या तळहातांना फोड आले होते, काकूने त्यांना कोरफड लावली आणि बडबडत राहिली की इस्तू असा धरायचा नसतो. बाई मला म्हणाली, माझी चूक झाली, आठवड्यापूर्वी बघून भागत नाही, त्या सकाळी पुन्हा बघायला हवं होतं. मी म्हणालो, जाऊ द्या. माझा चहा बशीत सांडत होता. भावाने बशी धरली. त्या दिवशी तो मला मास्तर म्हणाला नाही.

रात्री मंचरला परतल्यावर मला झोप लागली, पण पुढचे कित्येक दिवस मोबाईल थरथरला की कोपराच्या आतल्या बाजूला काहीतरी चालायचं. आणि एक विचार सुटेना. पुढच्या वर्षी मोहोळ उठेल, बाई पुन्हा विचारील, भाऊ हो म्हणेल, आणि काकू म्हणेल, आपला माणूस आधी. ही रीत मला चुकीची म्हणता येईना. ती बरोबर होती, हीच तिची भीती.

म्हणून पावसाळ्याआधी मी घोडेगावला जाऊन त्या तुकड्यातला माझा हिस्सा भावाला आणि पुतण्याला सोडून दिला. हक्कसोडपत्र वकील मित्रानेच केलं. त्यात कारण लिहावं लागतं. सगळे लिहितात तसं आम्ही 'प्रेमापोटी व आपुलकीपोटी' असं लिहिलं. भीतीपोटी असं लिहायची पद्धत नाही. भावाचे डोळे भरून आले. वस्तीवर माझ्या मोठ्या मनाची चर्चा झाली, आणि त्याच महाविद्यालयाने मला पुन्हा बोलावून शाल दिली. मी भाषण केलं. या वेळी मालकीवर बोललो नाही.

मोहोळ उठलं. बाई पुन्हा आली, या वेळी दोन दिवस मुक्कामाला, आणि रोज सकाळी दुर्बीण घेऊन पाण्याच्या बाजूलाही बसली. पुतण्याने सुट्टी टाकली, तिच्याकडून गाठी शिकला आणि पहिला चढला. वरून त्याने हाक दिली, या. पुण्याचे सगळे चढले, बसले, उतरले. मी खाली खाटेवर काकूजवळ होतो. दुपारी सावली फिरली तेव्हा मला एकाएकी वाटलं, आता एकदा जावं. दोर मोकळा होता. उठून मी झाडाकडे चार पावलं गेलो.

पुतण्या मध्ये आला. तो अवघडला होता, पण त्याने कागद पुढे केला. मी सही केल्याशिवाय त्याला मला चढू देता येत नव्हतं. झाड त्याचं होतं.